'राइस'ला इंडोनेशियन भाषेत नेमकं काय म्हणायचं? पादी, गाबाह, बरास की नासी?

शब्दखूण :

नमस्कार मंडळी. पाककृती, शेतीची माहितीपत्रकं आणि खाद्यपदार्थांच्या पाकिटांवरचा मजकूर इंग्रजीतून बहासा इंडोनेशियात गेला की तो तपासायचं काम मी करते. भाषा रीतसर शिकले आहे, पण त्या देशात राहिलेले नाही. त्यामुळे शब्दकोश जिथे संपतो तिथे मला माणसं विचारावी लागतात, म्हणून हा धागा.

शब्द अगदी साधा आहे, 'राइस'. इंडोनेशियनमध्ये त्याला एक शब्दच नाही. शेतात उभं पीक असेल तर पादी. झोडून वेगळं केलेलं, अजून टरफलातलं धान्य म्हणजे गाबाह. टरफल काढलं की बरास (लिहिताना त्यात 'ए' असतो, पण उच्चार 'अ'कडे झुकतो). शिजवला की नासी. इथवर कोणताही कोश सांगतो. अडचण खऱ्या वाक्यांत येते. 'राइस वॉटर केसांना लावा' यातलं पाणी धुतल्याचं की शिजवल्याचं? 'राइसचा भाव वाढला' म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा की दुकानातला? 'नवरा-नवरीवर राइस टाकतात' याच्या भाषांतरात एकाने चक्क नासी लिहून पाठवलं होतं.

माझं मत असं की इंग्रजीतून विचार करणाऱ्यापेक्षा मराठी माणसाला हे चटकन कळायला हवं, कारण तांदूळ आणि भात यांत आपण कधी गल्लत करत नाही. पण गाबाह आला की मीही थांबते. आमच्या पुण्याच्या घरात 'भात' शेतातही असतो आणि ताटातही. तुमच्याकडे काय म्हणतात? आणि तिकडे राहिलेल्यांनी, कुठला शब्द कुठे चालतो ते सांगाल का?

गोंदियाकर :

आमच्याकडे हा प्रश्नच नाही. धान, तांदूळ, भात. शेतात धान, बांधीत धान, खरेदी केंद्रावर धान, पोत्यातही धानच. गिरणीतून भरडून आला की तांदूळ. शिजला की भात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत कुणालाही विचारा. 'भाताची शेती' हा शब्द मी पहिल्यांदा पाठ्यपुस्तकात वाचला तेव्हा शिजवलेला भात कोण पेरतं असं वाटलं होतं.

म्हणजे तुमचा गाबाह म्हणजे आमचा पोत्यातला धान. फरक एवढाच की उभ्या पिकालाही आम्ही धानच म्हणतो, तिकडे त्याला वेगळा पादी आहे.

तरवो :

मालवणीत भात म्हणजे शेतातला नि कणगीतला. पानात पडता ता शीत. शीत-कढी. गोव्यातही तसंच आहे : भात, तांदूळ, शीत. पुण्यामुंबईत गेल्यावर आम्ही 'भात वाढा' म्हणायला शिकलो.

वरणभाततूप :

घाटावर 'साळ' हा शब्द आहे की! साळी पेरल्या, साळी कांडल्या. माझी आजी टरफलासकटच्या धान्याला साळच म्हणायची. आता तो शब्द आमच्या पिढीत फक्त 'साळीच्या लाह्यां'पुरता उरलाय. त्याही लक्ष्मीपूजनाला.

तेव्हा मराठीत शब्द नाही असं नव्हे, पुण्याच्या स्वयंपाकघरात पोचला नाही इतकंच. गिरणीतून पांढरा होऊन आलेला तांदूळ विकत घेणाऱ्याला टरफलाचं नाव कशाला लागेल?

जावावासी :

बरीच वर्षं बांडुंगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट : हे चार शब्द इथे पंडिती नाहीत. बाजारात शेजारी शेजारी ऐकू येतात. दुकानात जाऊन 'नासी' किलोने मागितलात तर दुकानदार बावचळेल, आणि खानावळीत 'बरास' मागितलात तर हसेल. लहान मूलही यात चुकत नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक पायरीला पुढची पिल्लं आहेत. गाबाहचं टरफल म्हणजे सकाम, आपला तूस. त्याच्या आतला कोंडा म्हणजे ददाक, आणि त्यातला अगदी बारीक, खाण्याजोगा तो बकातुल. कणी म्हणजे मनिर. पेंढा म्हणजे जरामी. चिकट तांदूळ ही जातच वेगळी समजतात, त्याला कतान म्हणतात. लाल तांदूळ बरास मेराह. पाण्याने भरलेलं भातखाचर म्हणजे सावाह, तेव्हा 'राइस फील्ड'ला दोन शब्द जोडायची गरज नाही, सावाह लिहिलं की झालं. पादी हा शब्द तिथे घालायचाही नाही.

शिजल्यावर तर विचारूच नका. हळद आणि नारळाच्या दुधातला पिवळा भात नासी कुनिंग, तो शंकूच्या आकारात रचला की तुम्पंग. वाढदिवसाला, नवीन कार्यालय उघडताना, १७ ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाला तुम्पंग असतोच. नुसत्या नारळाच्या दुधातला नासी उदुक, जाकार्ताची न्याहारी. केळीच्या पानात गुंडाळून शिजवलेला लोंतोंग, माडाच्या कोवळ्या पातीच्या विणलेल्या डबीत शिजवलेला कतुपात. हा ईदला हवाच. आणि गंमत म्हणजे लोंतोंग, कतुपात हे शिजवलेलेच तांदूळ, पण त्यांना कुणी नासी म्हणत नाही. आकार आला की नाव बदललं.

पाण्याचं उत्तर : तांदूळ धुतलेलं पाणी ते आयेर चुचियान बरास, जावानीज बोलीत लेरी. शिजताना निघणारं दाट, पांढरं पाणी ते आयेर ताजिन. केसांना लावायच्या कृतीत बहुतेकदा पहिलं असतं, पण मूळ मजकूर नीट वाचा. भिजवून ठेवायला सांगितलंय की उकळायला, त्यावरून कळेल.

शब्दखूण :

@जावावासी, किती छान लिहिलंत. पाण्याचा गुंता सुटला. आपल्याकडेही एक तांदळाचं धुवण आणि दुसरी पेज. मी उगीच एका शब्दात बसवायला बघत होते.

टोकदार :

थोडा वेगळा सूर लावतो. इंग्रजीला बिचारी ठरवायची घाई नको. त्यांच्याकडे पॅडी आहेच की. टरफलासकट असेल तर पॅडी, नाहीतर राइस. शिजलेला हवा असेल तर कुक्ड राइस. काम अडत नाही. संदर्भ असला की एक शब्द पुरतो. 'ज्याच्याकडे जास्त शब्द त्याची संस्कृती मोठी' या वाटेने हा धागा जाऊ नये असं मनापासून वाटतं.

नाना_भाषांतरवाले :

टोकदार, शेवटच्या वाक्याशी सहमत. पण पॅडी तुम्ही इंग्रजीच्या खात्यात जमा केलात, तो शब्द मलय 'पादी'वरूनच इंग्रजीत गेला आहे. मलय आणि इंडोनेशियन या सख्ख्या भाषा. म्हणजे इंग्रजीला तो फरक दाखवायची गरज पडली तेव्हा तिने तो शब्द नेमका याच लोकांकडून उचलला. खुद्द 'राइस' फ्रेंच, लॅटिन, ग्रीक असा मुक्काम करत आलेला पाहुणा आहे.

आणखी एक. हा फरक एकट्या इंडोनेशियाचा नाही. फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये पालाय, बिगास, कानिन. पीक, तांदूळ, भात. बंगालीत धान, चाल, भात. जपानीत दुकानातला कोमे आणि वाटीतला गोहान. जिथे पिकवणारा, कांडणारा आणि जेवणारा एकाच घरात राहायचा तिथे हे शब्द आपोआप वेगळे होतात. इंग्लंडात तांदूळ पोचला तोच पोत्यातून.

संदर्भ पुरतो म्हणता, पण भाषांतर करणाऱ्याला तोच संदर्भ मूळ मजकुरातून खणून काढावा लागतो. इंग्रजी लेखकाने जे मोघम सोडलं, ते इंडोनेशियनमध्ये मोघम सोडण्याची सोयच नाही. पेच आहे तो हा.

गोंदियाकर :

नाना, यावर माझा अगदी पोटतिडकीचा मुद्दा आहे. भाव.

आमच्याकडे सरकार हमीभावाने खरेदी करतं ते धान. मग ते भरडाईला गिरणीत जातं. सरकारी नियमाने क्विंटलभर धानामागे ६७ किलो तांदूळ परत द्यायचा असतो. म्हणजे एक तृतीयांश वजन तूस, कोंडा यांत गेलं. आता कुणी इंग्रजीत 'राइसचा हमीभाव अमुक' लिहिलं आणि वाचणाऱ्याने तो दुकानातल्या तांदळाच्या भावाशी ताडून पाहिला की त्याला वाटतं शेतकरी आणि ग्राहक यांच्यामध्ये कुणीतरी प्रचंड खातंय. खातातही, पण तेवढं नाही! त्यातला मोठा भाग तुसाचा असतो. इंडोनेशियातही असंच होत असणार.

जावावासी :

@गोंदियाकर, हुबेहूब. इथे सरकारी खरेदीचा दर गाबाहला असतो. २०२५च्या सुरुवातीपासून तो किलोला ६,५०० रुपिया आहे. खरेदी करणारी संस्था बुलोग, १९६७ साली स्थापन झालेली, आपल्या अन्न महामंडळासारखी. दुकानात बरास मात्र याच्या जवळपास दुप्पट भावाने मिळतो. 'राइस'चे हे दोन भाव एका इंग्रजी बातमीत शेजारी आले की वाचणारा चक्रावतो.

गाबाहचेही दोन प्रकार आहेत : कापणीनंतरचा ओलसर आणि गिरणीत घालण्याइतका वाळवलेला. व्यवहारात तेही वेगळे धरतात.

उत्पादनाचंही तेच. इथल्या सांख्यिकी खात्याने २०२३ साठी सुमारे ५.४ कोटी टन वाळलेला गाबाह आणि सुमारे ३.१ कोटी टन बरास असे दोन आकडे दिले. दोन्ही बरोबर. इंग्रजीत दोघांनाही 'राइस प्रॉडक्शन' म्हणून मोकळे होतात, आणि मग वाद सुरू. म्हणून @शब्दखूण, आकडा असलेलं कुठलंही वाक्य आलं की आधी मूळ आकडा कशाचा ते शोधा. तिथे अंदाजाने शब्द घालू नका.

टोकदार :

हा मुद्दा मान्य. आकडे असतील तर संदर्भाने भागत नाही. पहिल्या प्रतिसादात मी स्वयंपाकघराचाच विचार केला होता.

रानभुली :

अक्षतांचं कुणी बोललंच नाही! आपल्याकडे तांदळाला कुंकू लागलं की तो तांदूळ राहत नाही, अक्षता होतो. त्याला इंडोनेशियात काय म्हणतील?

जावावासी :

बरास कुनिंग, हळदीने पिवळे केलेले तांदूळ. इथल्या सुंदानीज लग्नात न्यावेर नावाचा विधी असतो. हे पिवळे तांदूळ, नाणी आणि गोळ्या-चॉकलेटं एकत्र करून वधूवरांवर आणि जमलेल्यांवर उधळतात. पोरं नाण्यांवर तुटून पडतात, मोठेही मागे नसतात. आणि बालीत देवळात पूजा झाली की पाण्यात भिजवलेले तांदळाचे दाणे कपाळाला चिकटवतात, त्याला बिजा म्हणतात. आपलं बीज. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला क्षणभर घरच्या कुठल्याशा मुंजीत आल्यासारखं झालं.

तेव्हा लग्नाच्या वाक्यात नासी कधीच नको. शिजलेला भात अंगावर टाकला तर मारामारी होईल.

वरणभाततूप :

हा हा, शेवटचं वाक्य वाचून कार्यालयात मोठ्याने हसले.

सह्यवेडा :

बालीचा विषय निघाला म्हणून थोडं अवांतर. तिथल्या सुबाक पद्धतीबद्दल वाचलंय का कुणी? डोंगरउतारावरच्या सावाहांना पाणी कधी, कुणाला, किती हे शेतकऱ्यांची मंडळं ठरवतात, आणि वेळापत्रक पाणवठ्यावरच्या देवळांशी बांधलेलं असतं. २०१२ मध्ये युनेस्कोने तो सगळा भूप्रदेश जागतिक वारशात घेतला. वरचा आणि खालचा शेतकरी एकाच सुमारास शेतं कोरडी ठेवतात, त्यामुळे कीड आणि उंदरांना सलग खाद्य मिळत नाही. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातल्या फड पद्धतीत असंच सामुदायिक पाणीवाटप आहे. दोन्हींचा एकत्र अभ्यास व्हायला हवा असं फार वाटतं.

तरवो :

आणि देवी श्री! जावा-बालीत पिकाची देवी तीच. जुन्या काळी बायका पादी कापायच्या ते आनी-आनी नावाच्या, तळहातात लपेल एवढ्या पात्याने. एकेक लोंबी खुडायच्या. कारण देवीला हत्यार दिसलं तर ती घाबरेल. पुढे बुटक्या, भरघोस पिकणाऱ्या जाती आल्या, त्यांच्याबरोबर विळा आला, आणि खुडणीवर पोट असलेल्या कितीतरी बायकांचं काम गेलं. ही गोष्ट मला शब्दांपेक्षाही जास्त लागते. शब्द राहिला, काम गेलं.

सह्यवेडा :

तरवो, त्या बुटक्या जातींतली पहिली गाजलेली आयआर ८, फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेने १९६६ मध्ये आणलेली. तिच्या आईबापांतली एक जात इंडोनेशियातलीच, नाव पेता. दुसरी तैवानची बुटकी जात. तीच आयआर ८ आपल्याकडेही आली आणि तिच्यावरून पुढे भारतात कितीतरी जाती निघाल्या. म्हणजे आपल्या ताटात कुठेतरी पेताचा अंश आहे. १९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाल्याचं जाहीर झालं तेही याच वाटेने.

बटाटेवडा_प्रेमी :

मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथली गंमत सांगतो. इंडोनेशिया डचांची वसाहत होती, त्यामुळे नासी हा शब्द डचमध्येही रुळलाय, पण इथे 'नासी' म्हटलं की लोकांना परतलेला भात, म्हणजे नासी गोरेंग, एवढंच कळतं. साधा भात हवा तर वेगळा डच शब्द वापरायचा. माझ्या इंडोनेशियन सहकारिणीला याचा मनापासून राग येतो. ती म्हणते, गोरेंग म्हणजे परतलेला, तो शब्द तुम्ही गाळलात आणि नासीवर त्याचा अर्थ लादलात.

@शब्दखूण, युरोपीय लेखकाचा मजकूर असेल तर तिथला 'नासी'ही तपासून घ्या.

शब्दखूण :

हे माझ्या ध्यानात आलंच नसतं. नोंद केली.

नाना_भाषांतरवाले :

आता म्हणींकडे वळू या, राहवत नाहीये.

इंडोनेशियनमध्ये 'नासी सुदाह मंजादी बुबुर'. भाताची पेज होऊन गेली, आता काय उपयोग. दुसरी, 'पादीसारखं व्हावं, जितकं भरेल तितकं वाकावं'. बघा, दोन्हींत शब्द किती अचूक आहेत. वाकतं ते पादी, त्याला बरास म्हणून चालणार नाही. बिघडतो तो नासी.

आणि पोटासाठी वणवण म्हणजे 'घासभर नासी शोधणं'. आपल्याकडे दोन घासांसाठी.

रानभुली :

आपली 'शितावरून भाताची परीक्षा' घ्या. एकाच म्हणीत दाणा शीत, भांडंभर तो भात. आणि 'शितं तिथं भुतं'. याला इंडोनेशियनमध्ये आहे का काही?

जावावासी :

आहे. 'साखर तिथं मुंग्या', आदा गुला आदा समुत. भाव जवळपास तोच. भुतं आपलीच!

पण शीत या शब्दाला इथे नेमका जोड नाही. दाणा मोजायचा तर सबुतिर नासी म्हणतात. बुतिर हा गोल, लहान वस्तू मोजायचा शब्द. अंडंही त्यानेच मोजतात.

टोकदार :

एक प्रामाणिक शंका. नासी म्हणजे शिजवलेला तांदूळ, असं आपण इथे धरून चाललोय. मग मादुरा बेटावरचा 'नासी जागुंग' काय? जागुंग म्हणजे मका ना?

जावावासी :

@टोकदार, शंका रास्त आहे आणि मूळ प्रश्नाला थेट भिडणारी आहे. मका जाडसर भरडून भातासारखा शिजवला की तो नासी जागुंग. त्यात तांदूळ असतो किंवा नसतोही. योग्याकार्ताजवळच्या गुनुंग किदुल या कोरड्या भागात वाळवलेल्या कसाव्याच्या पिठापासून तिवुल करतात, त्यालाही नासी तिवुल म्हणतात. म्हणजे नासी ही तांदळाची शेवटची पायरी आहेच, पण त्याच वेळी 'ताटात मध्यभागी असणारं, वाफेवर फुलवलेलं मुख्य अन्न' असाही त्याचा अर्थ आहे. इथे पोटभर नूडल्स खाल्ल्या तरी 'अजून जेवलो नाही, नासी नाही खाल्ली' म्हणणारे मी रोज बघते.

पण हे सगळ्या देशाला लावू नका. मालुकू आणि पापुआत पिढ्यान्‌पिढ्या मुख्य अन्न साबूच्या झाडाच्या गाभ्याचं पीठ. त्याची खळीसारखी चिकट पापेदा करून माशाच्या पिवळ्या रश्शाबरोबर खातात. त्या भागातल्या माणसाला 'नासी खाल्लीस का' हा प्रश्न जावाचा वाटतो. भात म्हणजे प्रगती, साबू म्हणजे मागासलेपण असं तिथल्या लोकांना फार काळ ऐकावं लागलं आहे, आणि अनेक जणांनी आपलं अन्न सोडलं. पाकिटावर 'इंडोनेशियाचं पारंपरिक अन्न नासी' असं सरसकट छापू नये असं मला ठामपणे वाटतं.

वरणभाततूप :

आपल्याकडेही वरीचा भात आहे, आणि त्याआधी 'वरीचे तांदूळ'. तांदळाचा एक दाणा नाही त्यात, म्हणून तर उपासाला चालतात. म्हणजे तांदूळ आणि भात हे शब्द आपणही दुसऱ्या धान्याला देऊन बसलोय. तेच झालं की हे.

गोंदियाकर :

आणि आपला साबुदाणा त्या साबूच्या झाडाचा नाहीच, तो टॅपिओकाचा. नाव मात्र तिकडचं. जावाताईंनी पापेदाचं लिहिलं म्हणून आठवलं.

शब्दखूण :

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे प्रतिसाद वाचून माझ्या हातातल्या मजकुरात काय केलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा.

'राइस वॉटर' : कृतीत अर्धा तास भिजवून गाळायला सांगितलंय, म्हणून आयेर चुचियान बरास. लग्नाचं वाक्य : बरास कुनिंग. भावाच्या वाक्यात लेखकाकडे विचारणा केली आहे, उत्तर येईपर्यंत ती ओळ रिकामी ठेवली. एका पाककृतीत 'उरलेला राइस परता' होतं, तिथे नासी, यात वादच नाही. पण त्याच कृतीत पुढे 'राइस फ्लोर' आहे आणि पदार्थ चिकट, चावायला लवचीक व्हायचाय. इथे तपुंग बरास लिहिलं होतं, ते मी तपुंग कतान करावं का?

जावावासी :

पदार्थ लवचीक हवा असेल तर कतानचंच पीठ. बरासच्या पिठाने तो ठिसूळ होईल. पण मूळ कृतीत 'ग्लूटिनस' असा शब्द नसेल तर लेखकाला विचारून घ्या. दोन्ही पिठं इथे सारख्याच पाकिटांत मिळतात आणि एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

शब्दखूण :

विचारते. आता शेवटचं. शेतीच्या पत्रकात 'राइस सीड' आणि 'राइस सीडलिंग' आहे. भाषांतरात दोन्हीकडे बनिह आलंय.

गोंदियाकर :

हे तर सरळच चुकलेलं दिसतंय. बियाणं वेगळं आणि पऱ्हे वेगळे. पऱ्हे टाकायचे, मग उपटून रोवणी करायची.

तरवो :

आमचो तरवो. माझं नावच ते. तरवा काढायचा, जुड्या बांधायच्या, मग लावणी.

जावावासी :

बनिह म्हणजे पेरायचं बी. उपटून लावायचं रोप म्हणजे बिबित. गावात लोक बिबित कधी बियाण्यालाही म्हणतात, पण छापील पत्रकात हा फरक पाळा, नाहीतर 'तीन आठवड्यांचं बनिह लावा' असं वाचून शेतकरी डोकं धरेल. रोपवाटिका म्हणजे परसमायान.

लावणीला जावानीजमध्ये तांदुर म्हणतात. ऐकायला आपल्या तांदळासारखा वाटतो, पण अर्थ लावणीच. लोक त्याची फोड 'नीट मांडत मागे सरणं' अशी करून सांगतात. चिखलात पाठीमागे सरकत ओळी लावणाऱ्या बायका पाहिल्या की ती फोड खरी असो नसो, पटते. पत्रक जावातल्या शेतकऱ्यांसाठी असेल तर हा शब्द कंसात जरूर द्या, त्यांना तोच जवळचा आहे.

शब्दखूण :

पत्रक मध्य जावासाठीच आहे. देते.